लाँड्रीतलं मूळ

सकाळची फेरी संपवून डॉक्टरीणबाई काचेच्या दारातून बाहेर आल्या, हातमोजे ओरबाडून काढले आणि म्हणाल्या, "फुप्फुसं साथ देत नाहीयेत. उद्या सकाळी घशात नळी घालायची, श्वास मशीनवर द्यायचा. मग बोलणं बंद. किती दिवस, ते मला सांगता येणार नाही. काही बोलायचं असेल तर आज दुपारच्या भेटीत बोलून घ्या."

एवढं सांगून त्या पुढच्या दाराकडे वळल्यासुद्धा.

काही बोलायचं असेल तर! सगळं हॉस्पिटल जिला झाडवाली म्हणायचं, ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिला बोलायचं नव्हतंच, तिला ऐकायचं होतं. आत, दोन दारांपलीकडे, तिची थोरली बहीण पडली होती आणि त्या बहिणीकडून तिला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. चार वर्षं हवं होतं. बाबा गेले तेव्हा मला का कळवलं नाहीस?

म्हणजे कळवलं होतं, पण सगळं उरकल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला, "बाबा गेले काल. झालं सगळं. तुझी उगाच धावपळ नको म्हटलं." धावपळ! बसने अर्ध्या दिवसाचा रस्ता. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. ते तुटलेलंच राहिलं असतं, पण ताईचं रक्त बिघडलं आणि उपचार होणारं हॉस्पिटल नेमकं हेच निघालं, जिथे धाकटी नोकरीला. डॉक्टरांनी दोघींचं जुळवून पाहिलं, जुळलं. मग धाकटीच्या हाडांतली मज्जा काढून थोरलीच्या अंगात सोडली. अंगात गेली. पण त्या दिवसाबद्दल तोंडातून शब्द काही बाहेर आला नाही.

मज्जा घातलेल्या माणसाला साधी सर्दीही मारू शकते, म्हणून त्या वॉर्डात नातेवाइकाला पाऊल टाकता येत नाही. नवीन इमारतीत भेटीची खोली आहे. दुपारी तासभर तिथे ओळीने लावलेल्या पडद्यांसमोर माणसं बसतात, आणि आत नर्स प्रत्येक रुग्णापुढे टॅबलेट धरते. झाडवाली रोज बसायची. रोज तेच व्हायचं. इकडचं तिकडचं बोलून झालं की ती धीर करून विचारायची, "ताई, तेव्हा तू मला का..." ताई मान जराशी तिरकी करायची, ओठ विलग व्हायचे, आणि चित्र थिजायचं. जिथल्या तिथे. झाडवाली "हॅलो, हॅलो" करत राहायची. मग चित्र परत हलायचं तोवर नर्स म्हणायची, "वेळ झाली."

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की असल्या गोष्टी नीट करणं हाच तिचा धंदा होता.

या हॉस्पिटलातले सगळे स्विच तिच्या ताब्यात. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. मजल्यामजल्यावर कुलूपबंद कपाटांत हिरवे दिवे लुकलुकवत बसलेले चपटे डबे, ज्यांच्यात सगळ्या संगणकांच्या तारा येऊन मिळतात. एक तार तुटली तर दुसरी असावी म्हणून हे डबे एकमेकांना दोन-दोन वाटांनी जोडतात. पण वाटा जास्त झाल्या की वर्तुळ होतं, आणि वर्तुळात शिरलेला निरोप बाहेर पडत नाही. गरगर फिरतो, त्याच्या प्रती होतात, प्रतींच्या प्रती होतात, बघता बघता अख्खं जाळं गुदमरून मरतं. म्हणून डबे आपापसात ठरवतात, एकाला मूळ मानायचं, तिथून फांद्या काढायच्या, आणि ज्या वाटेने वर्तुळ होईल ती वाट बंद ठेवायची. तार जोडलेली असते, दिवा लागलेला असतो, पण पुढे काही पाठवायचं नाही. नुसतं ऐकत बसायचं. दुसरीकडे काही तुटलं तरच तोंड उघडायचं. याला झाड म्हणतात. म्हणून ती झाडवाली. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय झाडवाली, पाणी घातलंस का आज?"

त्यातही एकाच तारेतून निरनिराळी जाळी जातात, एकमेकांना न शिवता. रक्ततपासणीचं वेगळं, क्ष-किरणांचं वेगळं, रुग्णांच्या छातीला लावलेल्या मॉनिटरचं वेगळं. व्हीलॅन म्हणतात त्यांना. प्रत्येक व्हीलॅनचं झाड स्वतंत्र, मूळ स्वतंत्र. एकाला बंद असलेली वाट दुसऱ्याला सताड उघडी असू शकते. बाकीची सगळी झाडं झाडवालीने हाताने लावलेली होती. भेटीच्या पडद्यांचं तेवढं एका कंत्राटदाराने घाईघाईत लावलं होतं, आणि साहेबाने बजावलं होतं, "त्याला हात लावू नकोस, ते त्यांच्या करारात आहे." तिने तक्रार केली तर कंत्राटदार म्हणाला टॅबलेट जुने आहेत. टॅबलेटवाला म्हणाला नेटवर्क. दोघांनी एकमेकांच्या गळ्यात घातलं आणि दोघंही जेवायला गेले.

आज मात्र तिने करार गेला खड्ड्यात म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.

नव्या इमारतीत दोन मोठे स्विच आहेत, जुळ्या भावांसारखे. एकावर वॉर्ड, दुसऱ्यावर भेटीची खोली, आणि दोघांच्या मधे बोटाएवढ्या जाडीची काचतार, जिच्यातून अख्ख्या शहराच्या गप्पा गेल्या असत्या. तिने पहिल्याला विचारलं, भेटीच्या व्हीलॅनचं मूळ कोण? तो म्हणाला, मी नाही, जुन्या इमारतीकडे जाणाऱ्या तारेपलीकडे आहे. दुसऱ्याला विचारलं. त्याचंही तेच, मी नाही, जुन्या इमारतीकडे. आणि मधली काचतार? भेटीच्या व्हीलॅनसाठी बंद. समोरासमोरच्या दोन दारांतली माणसं गावाबाहेरून फेरा मारून एकमेकांना भेटत होती.

पण जुन्या इमारतीत त्या तारांच्या टोकाला काहीच नव्हतं! नकाशावर तिथे फुली होती. डबा मोडीत काढला, असा शेरा होता.

मग ती तारेमागे निघाली. कपाट उघडायचं, तार हाताने चाचपायची, कुठे जाते ते बघायचं, पुढचं कपाट. नव्या इमारतीतून बोळात, बोळातून जुन्या जिन्याने खाली. खाली जाईल तसा हवेला साबणाचा आणि गरम कापडाचा वास येऊ लागला. तार छताच्या कडेने जाऊन एका दारावरच्या भोकात शिरली. आत लाँड्री होती.

भलेमोठे ड्रायर घुमत होते. बायका चादरींच्या घड्या घालत होत्या, दोघी दोन टोकं धरून, नाच केल्यासारख्या जवळ येऊन लांब जात होत्या. इस्त्रीच्या टेबलामागे मोठी मावशी उभी होती, लाँड्रीची मुकादम. तिच्या परवानगीशिवाय या खोलीत रुमालसुद्धा वाळत नसे.

"चादर हवी की गाऊन?" मावशीने मान वर न करता विचारलं.

"डबा हवाय. हिरवे दिवे लागतात तो."

मावशीने इस्त्री उभी केली. "तो आमचा आहे."

"मावशी, तो मोडीत गेलाय."

"गेला होता. आम्ही परत आणला." मावशीने पदराने मान पुसली. "आला एक टाय लावलेला, उचलून घेऊन गेला. ऑपरेशनच्या मजल्यावरनं चादरी मागवतात ते या पडद्यावर दिसतं आम्हाला. डबा गेला, पडदा आंधळा. वरनं शिव्या खायला आम्ही. तीन दिवस बघितलं, कुणी येईना. मग मी गेले भंगाराच्या खोलीत आणि खांद्यावर टाकून आणला. जिथल्या तारा तिथे खोचल्या. लागले की दिवे!"

"कुणाला सांगितलं का?"

"मला न्यायच्या आधी कुणी विचारलं का?"

झाडवाली ड्रायरला वळसा घालून गेली. ड्रायरच्या मागे, फळीवर, तो बसला होता. तिने जन्मात पाहिलेला सगळ्यात जुना स्विच. पंखा मेलेला. कडा पिवळ्या. आणि डोक्यावर ओला टॉवेल.

"हे काय आहे?"

"तापतो बिचारा. दुपारी सगळे ड्रायर लागले की हात लाववत नाही. मग गारव्याला टाकते."

"मावशी! पाणी शिरलं तर जळून जाईल!"

"अजून जळला का? नाही ना?" मावशीने हात कमरेवर घेतले. "माझं ऐकतो तो."

झाडवालीने टॉवेल अलगद उचलून बाजूला केला आणि खालच्या पट्टीवरचा नंबर वाचला. वाचता वाचता तिला हसू आलं, आणि हसता हसता संताप. प्रत्येक स्विचला कारखान्यातच एक नंबर ठोकतात. जुन्याला बहुधा लहान, नव्याला मोठा. व्हीलॅन लावणाऱ्याने मूळ कोण हे आपण होऊन नेमायचं असतं, एका ओळीचं काम. कंत्राटदाराने ते केलंच नव्हतं. मग मुळाच्या निवडीत सगळ्या डब्यांचं वजन सारखं पडलं, आणि सारखं पडलं की नियम एकच, ज्याचा नंबर सगळ्यात लहान तो मूळ. कोट्यवधीची यंत्रं वर बसलेली, आणि झाडाचं मूळ मात्र तळघरात, टॉवेल पांघरून! वरच्या आजारी माणसांचा एकूण एक शब्द या म्हाताऱ्याच्या अंगातून जात होता. दुपारी ड्रायर तापले की याला घेरी यायची. आणि भेटीची वेळही दुपारचीच.

"म्हणजे वरच्या भेटी याच्यातनं जातात?" मावशीने विचारलं. झाडवालीने समजावून सांगितलं होतं आणि तिला बरंचसं कळलं होतं. "सगळ्यात जुना म्हणून मान दिला होय त्याला?"

"मान कसला. कुणी ठरवलंच नाही, म्हणून त्याच्यावर पडलं."

"मग आमच्यासारखंच की." मावशीने इस्त्री परत उचलली. "सगळ्यात जुनी म्हणून मी मोठी मावशी. मला नको होतं मुकादमपण. तू त्याला नेणार आहेस का?"

"नाही. तुमच्या चादरी बंद पडतील. त्याच्या डोक्यावरचं ओझं तेवढं उतरवायचंय."

"मग उतरव की. विचारतेस कुणाला?"

विचारायचं होतं साहेबाला. झाडवालीने बोळातूनच फोन लावला. सगळं सांगितलं. एक ओळ, साहेब. नवा मोठा स्विच मूळ म्हणून नेमायचा, जुळा भाऊ त्याच्या पाठीशी दुसरा. अर्धा मिनिट भेटीचं जाळं बंद पडेल, झाड नव्याने उभं राहील, मग काचतार उघडेल.

"गुरुवारच्या बैठकीत ठेव," साहेब म्हणाला.

"साहेब, माझ्या बहिणीला उद्या सकाळी..."

"मला माहितीय. मला वाईट वाटतं. पण मागे एकाने भरदिवसा अशीच एक ओळ घातली आणि अतिदक्षता विभागाचे मॉनिटर काळे झाले. तूच धावली होतीस ना तेव्हा? त्यानंतरच हा नियम आला."

"ते व्हीलॅन वेगळं. याचं झाड वेगळं. मॉनिटरला याचा वाराही लागणार नाही."

"तोही हेच म्हणाला होता," साहेब म्हणाला. "शिवाय भेटी रुग्णसेवेत मोडत नाहीत. करमणूक या सदरात आहेत. गुरुवारी ये."

करमणूक! फोन बंद झाल्यावर झाडवालीने बोळातल्या भिंतीला एक सणसणीत शिवी दिली. तिथे ऐकायला कुणी नव्हतं, तरी बरं वाटलं. एखाद्याची बायको, एखाद्याचा मुलगा, मरणाच्या दारात बसून घरच्यांचं तोंड बघतो, आणि हे म्हणतात करमणूक. हे सदर पाडणाऱ्याच्या घरचं कुणी कधी काचेपलीकडे पडलं नसणार. पडलं असतं तरी त्याने गुरुवारची वाट पाहिली असती का?

साहेबाचं एक म्हणणं मात्र तिला टोचत राहिलं. तोही हेच म्हणाला होता. म्हणून ती जिन्यात बसली आणि एकेक झाड तपासलं. मॉनिटरचं मूळ वर. रक्ताचं मूळ वर. क्ष-किरणांचं वर. म्हाताऱ्याच्या गळ्यात फक्त भेटी. पुन्हा तपासलं. मग उठली.

भेटीची खोली भरली होती. कोपऱ्यात टोपीवाले आजोबा, नेहमीचे, त्यांची बायको आत. त्यांच्याशेजारी एक नुकतं लग्न झालेली मुलगी, तिचा नवरा आत. खिडकीशी एक जाडजूड माणूस, त्याचा भाऊ आत. पडदे लागले होते आणि नेहमीसारखे अडखळत होते. आजोबांची बायको अर्धवट डोळे मिटलेल्या अवस्थेत थिजली होती आणि आजोबा तिला विचारत होते, "झोपलीस का? अगं, झोपलीस का?"

झाडवालीची कामाची एक रीत होती, आणि ती तिने कुठल्या नियमात वाचली नव्हती. ज्याची तार आपण तोडणार, त्याला आधी तोंडावर सांगायचं.

"ऐका," ती खोलीच्या मधे उभी राहून म्हणाली. "हे जे अडकतं ना, ते मी आत्ता नीट करू शकते. पण त्यासाठी सगळ्यांचे पडदे अर्धा मिनिट काळे होतील."

"अर्धा मिनिट!" आजोबांनी टोपी काढली. "ती दहा मिनिटांत दमते हो. त्यातलं अर्धं तुम्हाला देऊ?"

"अडकण्यात किती जातं आजोबा?"

"ते जातं ते जातं. पण ते देव नेतो. हे तुम्ही नेणार."

"आणि नाही आलं परत तर?" जाडजूड माणूस म्हणाला. "गेल्या वेळी एकाने असंच नीट केलं, दोन दिवस नुसता आवाज. भाऊ माझा भुतासारखा बोलत होता."

"नाही आलं तर माझी नोकरी जाईल," झाडवाली म्हणाली. "परवानगी नाहीये मला."

मग ती नवी नवरी म्हणाली, "तुमचं कोण आहे आत?"

"बहीण. उद्या नळी घालणार."

मुलीने आपल्या पडद्याकडे पाहिलं. तिचा नवरा तुकड्यातुकड्यांनी हसत होता. "अहो," ती पडद्याला म्हणाली, "अर्धा मिनिट जाणार आहे मी. पळून गेले असं समजू नका." आणि झाडवालीकडे वळली. "करा."

जाडजूड माणसाने खांदे उडवले. आजोबांनी टोपी परत घातली, बायकोला मोठ्याने सांगितलं, "डोळे मीट जरा, मी आलोच," आणि पडद्याच्या कडेवर हात ठेवून बसले, जणू तो पळून जाईल.

झाडवालीने ती ओळ टाइप केली. वाचली. पुन्हा वाचली. व्हीलॅनचा आकडा बोटाने तपासला. बटण दाबलं.

पडदे काळे झाले. सगळे एकदम. काळ्या काचांत त्यांना आपापली तोंडं दिसली, आणि कुणालाच ती बघवेनात. तळघरात म्हाताऱ्याने आपल्या वाट्याची कामं सोडली असणार. वर दोन जुळ्यांचं ठरत असणार, मूळ कोण, फांदी कोण. आधी नुसतं ऐकायचं, मग कोण कुठे आहे ते शिकायचं, मग बोलायचं. घाई केली की वर्तुळ होतं. हे तिला पुरतं माहीत होतं, तरी तिने श्वास धरून ठेवला होता. आजोबा काहीतरी पुटपुटत होते.

मग नवरीच्या पडद्यावर तिचा नवरा उमटला. मग भाऊ. मग आजोबांची बायको, आणि ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "कुठे गेला होतात?"

"इथेच होतो गं!" आजोबांचा आवाज फुटला. "इथेच!"

झाडवाली आपल्या खुर्चीत बसली. पडद्यावर ताई होती. टक्कल पडलेलं डोकं, नाकाशी ऑक्सिजन, गालांची हाडं वर आलेली. मागे सलाईनची बाटली, तिच्यामागे फिकट हिरवी भिंत.

"अगंबाई," ताई धापा टाकत म्हणाली. "आज तर तुझ्या नाकावरचा तीळसुद्धा दिसतोय."

"मी नीट केलं."

"तू? मग इतके दिवस काय करत होतीस?"

बहीण ती बहीणच. मरायला टेकली तरी टोचणार. झाडवालीने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"ताई, बाबा गेले तेव्हा मला का नाही कळवलंस?"

ताईने मान जराशी तिरकी केली. ओठ विलग झाले. आणि चित्र थिजलं.

झाडवालीने लॅपटॉप ओढला. मूळ वर होतं. काचतार उघडी होती. शेजारी आजोबा खळखळून हसत होते, नवरीचा नवरा अखंड बोलत होता. मग हिचंच का? तिने पडद्याकडे पाहिलं. ताईचे डोळे उघडे, हनुवटी वर, सगळं स्तब्ध. आणि मागे, सलाईनच्या नळीतल्या छोट्या कुपीत, एक थेंब जमला, लांबला आणि पडला. मग दुसरा जमू लागला.

झाडवाली तो थेंब बघत राहिली. तोही पडला.

"ताई."

काही नाही.

"ताई, सलाईन टपकतंय."

ताईच्या एका डोळ्याची पापणी फडफडली. मग दुसऱ्याची. मग तिचं अख्खं तोंड सुटलं आणि ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि आतून नर्सचा आवाज आला, "काय झालं, काय झालं?"

"कधीपासून करतेस हे?" झाडवाली ओरडली. आजोबा दचकून वळले.

"पहिल्यांदा खरंच अडकलं होतं. देवाशप्पथ." ताईला श्वास पुरत नव्हता. "दुसऱ्यांदाही. मग म्हटलं, बरं आहे की. तू 'हॅलो, हॅलो' करत राहतेस आणि वेळ संपते. मी आपली डोळे न मिटता बसते. फार चुरचुरतात गं डोळे."

"मी तळघरापर्यंत गेले! नोकरीवर लाथ मारली! आणि तू इथे पुतळा होऊन..."

"मग काय करू? चांगलं उत्तरच नाही माझ्याकडे."

"वाईट असेल ते दे."

ताईने डोळे मिटले. या वेळी खरोखर मिटले. नाकातली नळी नीट केली.

"शेवटी शेवटी ते मला ओळखत नव्हते," ती म्हणाली. "तोंड मी पुसायची. कूस मी बदलायची. रात्र रात्र मी. आणि ते मला तुझं लाडाचं नाव घेऊन हाक मारायचे. मुंगी, आली का गं? दिवसातून किती वेळा. मी आधी म्हणायची, मी ताई आहे बाबा. मग म्हणणं सोडलं. म्हणायची, आले. हो, आले. तर खूश व्हायचे." ती थांबली. श्वास जमवला. "गेले तेव्हा वाटलं, आता एक दिवस तरी ते माझे असू देत. एकच. तू आली असतीस तर सगळ्यांनी तुला मिठ्या मारल्या असत्या. धाकटी आली, धाकटी रडली. म्हणून नाही कळवलं. नीचपणा आहे ना?"

"हो," झाडवाली म्हणाली. "नीचपणा आहे."

"हां." ताई जरा सैलावली. "मला वाटलं, उद्या नळी म्हणून आज माफ-बिफ करतेस की काय."

"मुळीच नाही. नळी निघाली की समोर बसून भांडणार आहे मी. पडद्यावर नाही."

"निघाली तर."

"निघाली की."

ताई काही बोलली नाही. आता तिच्या न बोलण्याला कुठल्या डब्याचं निमित्त नव्हतं. टेबलावर झाडवालीचा फोन थरथरत सरकू लागला. साहेब. तिने तो पालथा केला.

चार वर्षं जे उत्तर हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्याने भूक भागण्याऐवजी उलट वाढली होती. तिला वाटत आलं होतं की बाबांना तिची आठवणही नव्हती, म्हणून कळवलं नसेल. आणि ते तर दिवसभर तिलाच बोलावत होते, त्या अंथरुणातून, त्या खोलीतून, जिथे ती पुन्हा कधी गेलीच नाही.

"ताई," ती म्हणाली. "कसं म्हणायचे?"

"काय?"

"मुंगी आली का. कसं म्हणायचे ते? आवाज कसा होता शेवटी?"

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग उशीवर डोकं मागे टाकलं, तोंड किंचित उघडलं. तिला नक्कल करावी लागली नाही. तोच तोकडा श्वास होता, तीच शब्दांच्या आधीची घरघर.

"मुंगी... आली का गं?"

कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, सगळे आपापल्या पडद्यांत होते, आणि सगळे पडदे व्यवस्थित चालत होते.

"वेळ झाली," आतून नर्स म्हणाली. मोज्यातला हात टॅबलेटवर आला, चित्र कललं, छत दिसलं.

"अजून एकदा," झाडवाली म्हणाली. "ताई, अजून एकदा म्हण."

आत झटापट झाली. नर्स म्हणाली, "अहो, दमाल," आणि ताई म्हणाली, "थांब गं बाई, थांब जरा." चित्र परत सरळ झालं. ताईने दोन्ही हातांनी टॅबलेट धरला होता, इतक्या जवळ, की नुसते डोळे आणि कपाळ दिसत होतं. आता तिचे डोळे वाहत होते, आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात मोकळे नव्हते.

"मुंगी," ती म्हणाली. मधे श्वास घ्यावा लागला. "आली का गं?"

"आले," झाडवाली म्हणाली. पण तोवर नर्सने टॅबलेट काढून घेतला होता आणि पडदा काळा झाला होता. तरी ती तशीच, त्या काचेकडे तोंड करून, जरा मोठ्याने, पुन्हा म्हणाली, "आले."